प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या पेशी : अंडाशयाच्या कर्करोगातील अधिजनुकीय शोधाची पार्श्वभूमी

अमेरिकेत 1978 च्या अखेरीस सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाला मान्यता मिळाली आणि पुढे त्याच जातीचे कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल यांची जोडी अंडाशयाच्या कर्करोगावरील नेहमीची केमोथेरपी ठरली. पहिल्या फेरीत बहुतेक रुग्णांची गाठ आकसते. परंतु निदान उशिरा झालेल्यांपैकी बहुतेकांत रोग उलटतो, आणि उलटलेला रोग त्याच औषधाला पूर्वीइतकी दाद देत नाही. शेवटच्या प्लॅटिनमनंतर सहा महिन्यांच्या आत रोग परतला तर त्याला ‘प्लॅटिनमरोधी’ म्हणण्याची पद्धत 1990 च्या दशकात रुळली. ही सीमारेषा सोयीची होती. पेशीच्या आत काय बदलले, हे तिच्यातून कळत नव्हते.

या प्रश्नाचे एक उत्तर डीएनएच्या अक्षरांत नव्हे, तर त्यांवर चिकटणाऱ्या मिथाइल गटांत सापडले. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर असे गट दाटले (याला मिथिलीकरण म्हणतात) की ते जनुक शाबूत असूनही मुके होते; अक्षरे न बदलता होणारा हा बदल ‘अधिजनुकीय’ म्हणवतो. प्रागमध्ये 1964 साली तयार झालेले अझासायटिडिन हे रसायन मिथिलीकरण रोखते, हे पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी 1980 मध्ये दाखवले. म्हणजे मुके झालेले जनुक पुन्हा बोलते करण्याचे साधन आधीच हाताशी होते.

ग्लासगोमधील रॉबर्ट ब्राऊन यांच्या गटाने 1999 मध्ये एमएलएच1 या जनुकाकडे लक्ष वेधले. हे जनुक डीएनएच्या जोडणीतील चुका हेरणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. प्लॅटिनमने केलेली इजा ओळखून पेशीला मरणाचा इशारा देण्यातही या यंत्रणेचा हात असतो. ते मुके झाले की इजा होते, इशारा मात्र जात नाही आणि पेशी तगते. पुढच्याच वर्षी याच गटाने उंदरांतील गाठींवर डेसिटाबिन हे अझासायटिडिनच्याच जातीचे औषध वापरले. एकट्या डेसिटाबिनने गाठीची वाढ थांबली नाही, पण त्यानंतर दिलेले सिस्प्लॅटिन अधिक परिणामकारक ठरले. ज्या गाठींत एमएलएच1 मिथाइल गटांमुळे नव्हे, तर उत्परिवर्तनामुळे (डीएनएच्या अक्षरांतील बदलामुळे) निकामी झाले होते, त्यांत हा फरक दिसला नाही, आणि माझ्या मते त्या अभ्यासातला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. रोग उलटलेल्या सुमारे पाव रुग्णांच्या रक्तद्रवात, उपचारांपूर्वी नसलेले एमएलएच1 चे मिथिलीकरण सापडल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. याच सुमारास, 2005 मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शर्मिला बापट यांच्या गटाने या कर्करोगातील मूलपेशींसारख्या पेशी वेगळ्या काढल्या. उपचारांनंतर रोग पुन्हा कशातून उगवतो, या चर्चेला त्यामुळे आणखी एक धागा मिळाला.

रुग्णांवरील चाचण्यांनी मात्र ही आशा पुरती फळू दिली नाही. इंडियानातील 17 रुग्णांच्या छोट्या चाचणीत, कमी मात्रेतील डेसिटाबिननंतर कार्बोप्लॅटिन दिल्यावर 35 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला (2012). याउलट ब्रिटनमधील यादृच्छिक चाचणी 29 रुग्णांनंतरच थांबवावी लागली, कारण अपेक्षित लाभ दिसेना आणि औषध ठरल्याप्रमाणे देणेही अवघड जात होते (2014).

या अपयशामागे मात्रेचा व वेळापत्रकाचा प्रश्न होताच. पण मिथिलीकरण दुधारी असल्याची जाणीवही तोवर होऊ लागली होती. बीआरसीए1 हे जनुक तुटलेला डीएनए सांधते. त्याच्यावर मिथाइल गट बसले की गाठ प्लॅटिनमपुढे दुबळी पडते. म्हणजे एमएलएच1 च्या नेमके उलट. कर्करोगांच्या जनुकीय बदलांची नोंद करणाऱ्या ‘कॅन्सर जीनोम ॲटलस’ या अमेरिकी प्रकल्पाच्या 2011 च्या अभ्यासात, या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातील सुमारे 11 टक्के गाठींत हे मिथिलीकरण दिसले. ऑस्ट्रेलियातील 2015 च्या जनुकसंच-अभ्यासात एका रुग्णाच्या उलटलेल्या रोगात ते पुसले गेलेले आढळले : जनुक परत बोलू लागले होते आणि पेशी इजा भरून काढत होती. मिथाइल गट सरसकट उतरवणारे औषध एका जनुकात उपकारक, तर दुसऱ्यात अपकारक ठरू शकते, ही अडचण त्यातून स्पष्ट झाली. पुढे 2018 मध्ये दिसले की बीआरसीए1 च्या सर्व प्रतींवर मिथाइल गट असतील तरच गाठ रुकापॅरिबसारख्या, डीएनएची दुरुस्ती अडवणाऱ्या औषधाला चांगला प्रतिसाद देते. एक प्रत जरी मोकळी राहिली, तरी रोधकता येण्यास ती पुरते.