विश्वामित्रीचा पूर (बडोदे)

गुजरातमधील बडोदे (वडोदरा) शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीस अतिवृष्टीने येणारा पूर, तसेच पावसाच्या अंदाजावरून त्याच्या धोक्याचा बांधला जाणारा अदमास. नदी पावागडच्या डोंगरात उगम पावून पश्चिमेस वाहते. शहराच्या वरच्या अंगास तिला सूर्या नदी मिळते. पुढे ती स्वतः पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीस मिळते व हे सर्व पाणी खंभातच्या आखातात जाते. नदीचे नाव पावागडावरील विश्वामित्र ऋषींच्या आश्रमाच्या आख्यायिकेशी जोडले जाते.

शहराचा जन्मच पुरातून झाला, असे परंपरा सांगते. पश्चिम तीरावरील अंकोट्टक (आजचे अकोटा) ही जुनी वसाहत इ.स. 600 च्या सुमारास महापुराने उद्ध्वस्त झाली आणि रहिवासी पूर्वेकडील उंचवट्यावर, सध्याच्या कोठी भागात, वडाच्या झाडीत येऊन राहिले. तेच वटपद्रक, म्हणजे बडोदे. हे कथन जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. राष्ट्रकूट घराण्यातील राजा कर्क सुवर्णवर्ष याच्या शक 734 (इ.स. 812–13) च्या ताम्रपटात वडपद्रक हे गाव अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांपैकी एक म्हणून दान दिलेले आढळते. म्हणजे कथित पुरानंतर सुमारे दोनशे वर्षांनीही मुख्य ठाणे म्हणून अंकोट्टकाचेच नाव चालत होते. अकोट्यास सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींचा काळही साधारणतः सहाव्या ते अकराव्या शतकापर्यंत धरला जातो. उजाड झालेल्या गावी इतकी शतके मूर्ती घडत व पुजल्या जात नाहीत. म्हणून एका रात्रीत गाव उठले यापेक्षा, वारंवारच्या पुरांना कंटाळून वस्ती पिढ्यानपिढ्या उंचावर सरकत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पूर्व तीरावरील उंचवटा लोकांनी पाण्याच्या भीतीने निवडला, एवढा गाभा परंपरेत खरा असावा. गायकवाडी काळात मराठी वस्ती वाढली ती मुख्यतः याच बाजूस, रावपुरा, दांडिया बाजार व लगतच्या पेठांत.

शहराच्या पूर्वेस असलेले आजवा धरण (सयाजी सरोवर) तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बांधले गेले. काम 1885 मध्ये सुरू झाले व सुमारे 1890–92 पर्यंत पाणी शहरात पोहोचले. हे धरण पिण्याच्या पाण्यासाठी आहे, पूर अडवण्यासाठी नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. उन्हाळ्यासाठी ते भरलेले हवे आणि श्रावणातल्या एका मोठ्या पावसासाठी रिकामे हवे, अशी दुहेरी ओढ त्याच्यावर असते. शिवाय नदीचे सारेच पाणी आजव्यातून येत नाही. त्यामुळे धरणाचे दरवाजे बंद ठेवले तरी नदी चढू शकते. खाली ढाढर, विशेषतः देव धरणाचा विसर्ग तिच्यात आलेला असताना, तुडुंब असेल तर विश्वामित्रीचे पाणी तुंबते व शहरातून लवकर ओसरत नाही.

भारतीय हवामान विभाग 24 तासांतील 64.5 ते 115.5 मिमी. पावसास जोरदार, 115.6 ते 204.4 मिमी. पावसास अतिजोरदार आणि त्यावरील पावसास अत्यंत जोरदार म्हणतो. इशारे यलो, ऑरेंज व रेड अलर्ट अशा रंगांनी जिल्हावार दिले जातात. नदी मात्र जिल्ह्याची हद्द मानत नाही. पावागड व हालोल पंचमहाल जिल्ह्यात आहेत. तेव्हा बडोद्यात राहणाऱ्याने आपल्या जिल्ह्याइतकाच पंचमहालचा इशारा वाचणे अगत्याचे आहे. वर पडलेले पाणी शहरात काही तासांनी येते. पाऊस थांबला, ऊन पडले, लोक निर्धास्त झाले, आणि नदी त्यानंतर चढली, असा अनुभव म्हणूनच येतो. हवामान खाते मिलिमीटरात बोलते, गावात पाऊस इंचांत मोजतात व नदी फुटांत. या तीन मापांचा मेळ घालण्याची सवय घरोघरी हवी. 1 इंच म्हणजे 25.4 मिमी.

शहरात पातळी काळाघोडा पुलापाशी वाचली जाते. 26 फूट ही धोक्याची पातळी समजतात. 31 जुलै 2019 रोजी चोवीस तासांत सुमारे 20 इंच पाऊस झाला व नदी 34 फुटांवर गेली. ऑगस्ट 2024 अखेरीस, गुजरातवरील अतितीव्र कमी दाबाच्या क्षेत्रामुळे (पुढे ते अरबी समुद्रात जाऊन त्याचे ‘असना’ चक्रीवादळ झाले), ती 35 फुटांच्याही वर पोहोचली. आधीच्या पुरांपैकी जुलै 1927 चा पूर साऱ्या मध्य गुजरातेत गाजला.

नदीकाठी समा, फतेहगंज, कमाटीबाग, परशुराम भठ्ठा, जेतलपूर, अकोटा, मुजमहुडा व वडसर येथे पाणी प्रथम शिरते. शहरातील पाणी नदीकडे नेणारे भूखी, मसिया, रूपारेल हे कांस (नैसर्गिक ओढे) बांधकामांनी आवळले गेले आहेत. नदी भरली की त्यांतूनच पाणी उलटे घरांकडे येते. तळमजल्यावरची बाई धान्याचे डबे माळ्यावर चढवते, गॅसची टाकी पलंगावर ठेवते, घरातले कोणी तरी स्कूटर उड्डाणपुलावर नेऊन उभी करते, आणि फोनवर एकच प्रश्न फिरतो : काळाघोड्याला किती फूट? पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ उरते. पुढच्या पुराचे माप बहुधा तिच्यावरूनच घेतले जाते. नदीत मगरींची मोठी वस्ती असून 2025 च्या गणनेत त्या चारशेहून अधिक भरल्या. पुरात त्या गल्ल्यांत येतात, म्हणून गुडघाभर पाण्यातही लहान मुलांना उतरू देत नाहीत. 2024 नंतर शहरहद्दीतील पात्राचे खोलीकरण व रुंदीकरण हाती घेण्यात आले व बराच भाग 2025 च्या पावसाळ्यापूर्वी उरकण्यात आला.