‘माफिया’ कन्सोलवर आला तेव्हा

‘माफिया’ हा २००२ चा, गँगस्टरांच्या अमेरिकेत घडणारा पीसी गेम. त्याच्या दुसऱ्याच मिशनमध्ये त्याचा नायक टॉमी अँजेलो टॅक्सी चालवतो. प्रवासी घ्यायचा, सांगितलेल्या पत्त्यावर सोडायचा, मग पुढचा घ्यायचा. काटा ताशी ४० मैलांच्या वर गेला आणि आसपास पोलिसांची गाडी असली, की ती मागे लागते. थांबलात तर दंड भरून सुटका, पळालात तर प्रकरण वाढतं. लाल दिवा तोडला तरी तेच. गाडी १९३० सालातली. ब्रेक दाबल्यावर ती लगेच थांबत नाही, चढ आला की धापा टाकते. थोड्या वेळाने टॉमी कॉफी प्यायला उतरतो आणि मोरेलो या टोळीप्रमुखाची माणसं येऊन त्याची टॅक्सी फोडतात. त्या क्षणी खरोखर वाईट वाटतं, कारण तोवर आपण ती गाडी जिवापाड जपून चालवलेली असते. ज्या टॅक्सीवर टॉमीचं पोट होतं ती गेली, आणि तो जीव वाचवायला मोरेलोच्या वैऱ्याच्या, डॉन सालिएरीच्या बारकडे धावत सुटतो. तिथून त्याचं आयुष्य बदलतं.

हा प्रसंग आधी सांगायचं कारण असं, की २००४ मध्ये प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवर आलेल्या ‘माफिया’चं काय बिनसलं, हे या टॅक्सीपाशीच कळतं. त्या पोर्टबद्दल, म्हणजे कन्सोलसाठी बदलून काढलेल्या आवृत्तीबद्दल, बोलताना लोक ‘ग्राफिक्स खराब होते’ असं म्हणून विषय संपवतात. ते खरं आहे, पण अपुरं आहे.

गेम बनला झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात. वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करणारा मेंडेल आपण शाळेत शिकलो, तो याच गावातल्या मठातला. १९३० च्या दशकात ब्रनोला स्वतःचा मोटार कारखाना होता. शस्त्रं बनवणारी झ्ब्रोयोव्का ही कंपनी तिथे मोटारीही बनवत असे. मासारिक सर्किटवरच्या मोठ्या शर्यती १९३० पासून तिथेच भरायच्या. गेम बनवणाऱ्यांनी यातून काही उचललं असा माझा दावा नाही. पण जुन्या गाड्यांवर इतकं प्रेम करणारा गेम अशा गावातून यावा, हे मला फार शोभून दिसतं.

इल्यूजन सॉफ्टवर्क्स ही कंपनी तिथे १९९७ मध्ये सुरू झाली. पेत्र वोखोझ्का हे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९९ मध्ये त्यांचा ‘हिडन अँड डेंजरस’ आला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या छुप्या मोहिमांच्या त्या गेमने युरोपात चांगलं नाव कमावलं. त्याआधीच, १९९८ च्या अखेरीस, दुसऱ्या एका गेमवर काम सुरू झालं होतं. कंपनीत त्याला ‘गँगस्टर’ म्हणत. मूळ कल्पना साधी होती, ‘ड्रायव्हर’सारखा गाडी पळवण्याचा गेम, फक्त जुन्या काळातला. डॅनिएल वाव्रा कंपनीत आला होता चित्रकार म्हणून. या गेमची कथा त्याने लिहिली, दिग्दर्शनही त्याचंच. त्याच्या हातात तो गेम एका माणसाच्या घसरणीची गोष्ट होऊन गेला. १९३८ साल, एका कॅफेत टॉमी नॉर्मन नावाच्या डिटेक्टिव्हसमोर बसलाय आणि आठ वर्षांचा हिशेब सांगतोय. आपण खेळतो ती २० मिशन्स म्हणजे त्याचा कबुलीजबाब.

काळ निवडला तोही विचार करून. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, आणि त्या कायद्यानेच टोळ्यांना पैसा पुरवला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर इथे हातभट्टीवाल्यांचं काय झालं, हे ज्यांनी घरच्या मोठ्यांकडून ऐकलंय त्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. त्यात १९२९ च्या मंदीची भर. टॉमीसारखा प्रामाणिक टॅक्सीवाला सालिएरीच्या टेबलाशी कसा जाऊन बसतो, याचं उत्तर त्या मंदीत आहे.

शहराचं नाव लॉस्ट हेवन. काल्पनिक, पण शिकागो आणि न्यूयॉर्कच्या हाडामांसाचं. लिटल इटली, चायनाटाउन, हॉबोकेन, वर्क्स क्वार्टर, मध्ये सेंट्रल आयलंड, पलीकडे श्रीमंतांचं ओक हिल. रस्त्यावर ट्राम, डोक्यावरून धडधडत जाणारी रेल्वे, नदीवर झुलता जुलिआनो पूल. साठच्या आसपास गाड्या, खऱ्या मोटारींवर बेतलेल्या, फक्त नावं बदललेली. फोर्ड मॉडेल टी इथे बोल्ट होऊन येते. टाकीतलं पेट्रोल संपतं, ते पंपावर जाऊन भरावं लागतं. टायरला गोळी लागली की गाडी एका बाजूला ओढते. बंदुकीत अर्ध्या गोळ्या शिल्लक असताना नवं मॅगझिन भरलं, तर त्या उरलेल्या गोळ्या गेल्याच.

हे सगळं पेलायला ‘हिडन अँड डेंजरस’चं इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, पुरेना. म्हणून एलएसथ्रीडी हे नवं इंजिन तयार झालं. गेम २००० मध्ये येणार होता, मग २००१ म्हणाले, शेवटी ऑगस्ट २००२ उजाडला. मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळणं, जाहीर झालं होतं, तेही वाटेत सोडून द्यावं लागलं. पण जो गेम हातात आला तो तीन सीडींचा आणि पूर्ण होता. व्लादिमिर शिमूनेकचं संगीत, गाडी चालवताना ऐकू येणारा जँगो राइनहार्टचा गिटार, मिल्स ब्रदर्सची गाणी. आमच्याकडे तेव्हा कन्सोल म्हणजे चैन, आणि पीसी घरात यायचा तो अभ्यासाच्या नावाखाली. त्यामुळे माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ‘माफिया’ पाहिला तो पीसीवरच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या किंवा मित्राकडून हातोहात आलेल्या सीड्यांवर.

परीक्षणं उत्तम आली, सरासरी शंभरपैकी ८८ च्या घरात. लोकांनी एका मिशनबद्दल मात्र बोटं मोडली, ती मोटारींची शर्यत. गाडी जरा घसरली की पुन्हा पहिल्यापासून. तिच्यावर कित्येकांच्या कित्येक रात्री गेल्या. तरी ती शर्यत आठवत नाही असा ‘माफिया’ खेळलेला माणूस मला भेटलेला नाही.

आता कन्सोलकडे वळू. प्रकाशक होता गॅदरिंग ऑफ डेव्हलपर्स. टेक्ससमध्ये सुरू झालेली ही कंपनी २००० मध्ये टेक-टू या गेम प्रकाशक कंपनीने विकत घेतली होती. त्याच टेक-टूच्या घरात रॉकस्टार ही गेम कंपनी होती, आणि रॉकस्टारचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ (जीटीए ३) ऑक्टोबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर येऊन त्याने सगळी गणितं बदलून टाकली होती. वर्षभरात त्याच मालिकेतला ‘व्हाइस सिटी’. सोनीचा स्वतःचा, लंडनमध्ये घडणारा ‘द गेटअवे’ डिसेंबर २००२ मध्ये. शहरभर गाडी आणि हातात बंदूक, ही गोष्ट कन्सोलवर सोन्याच्या भावाने विकली जात होती. अशा वेळी हाताशी ‘माफिया’सारखा गेम असताना प्रकाशक तो फक्त पीसीवर ठेवेल, हे शक्यच नव्हतं.

पण पोर्टचं काम इल्यूजन सॉफ्टवर्क्सने केलं नाही, ते बाहेर दिलं गेलं. ब्रनोची मंडळी त्या काळात ‘हिडन अँड डेंजरस २’ पूर्ण करत होती, तो २००३ च्या ऑक्टोबरमध्ये आला. ज्यांनी शहर वीट वीट रचलं ते हजर नाहीत, आणि दुसऱ्याच कुणाला ते शहर मोडून लहान खोलीत बसवायचंय, अशी ती परिस्थिती होती.

खोली किती लहान, ते आकड्यांत बघा. पीसीवर ‘माफिया’ला किमान ९६ एमबी मेमरी लागायची आणि सोबत १६ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी, आणि ग्राफिक्स चिपजवळची मेमरी फक्त ४ एमबी. ते यंत्र कमजोर नव्हतं, पण त्याची रीत निराळी होती. डिस्कवरून माल सतत आणत राहायचा, वापरायचा, टाकून द्यायचा. पहिल्या दिवसापासून असं बेतून लिहिलेला गेम त्यावर झकास धावतो. ‘जीटीए ३’ तसा लिहिला होता. ‘माफिया’ मात्र भरपूर मेमरी हाताशी आहे असं धरून बांधलेला. एक्सबॉक्सची गोष्ट त्या मानाने बरी. ६४ एमबी मेमरी, पेंटियमच्या जातीचा ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एनव्हिडियाची चिप, शिवाय आत हार्ड डिस्क. जवळपास पीसीच. तिथे पोर्ट अधिक चांगला व्हायला हवा होता, आणि दिसायला तो थोडा बरा होताही, पण एकूण निकाल सारखाच लागला.

२००४ च्या पहिल्या काही महिन्यांत दोन्ही आवृत्त्या बाजारात आल्या. टेक्स्चर, म्हणजे भिंती-रस्त्यांवरची चित्रं, धूसर, इमारतींचे बारकावे पुसलेले, चित्र मध्येच अडखळणारं, लोडिंग लांबलचक. एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ग्राफिक्स उतरलेले पोर्ट त्या काळात ढिगाने आले आणि लोकांनी ते आनंदाने खेळले. पण इथे आणखी एक गोष्ट काढून टाकली होती. शहरात गस्त घालणारे पोलीस.

हे का केलं असावं, याचा अंदाज बांधता येतो. गस्तीचा पोलीस म्हणजे नुसतं चालतंफिरतं चित्र नाही. तुमचा वेग किती, सिग्नल कुठला, हातात उघडं हत्यार आहे का, याकडे त्याला सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि हिशेब करणाऱ्या चिपवर तो भार पडतो. जागा आणि वेळ दोन्ही कमी असताना ‘हे नसलं तरी गोष्ट पुढे जाते’ असं ज्याच्याबद्दल वाटेल, त्याच्यावर आधी कात्री चालते. आणि कागदावर ते खरंही आहे. गस्त काढली तरी २० च्या २० मिशन्स खेळता येतात.

फक्त आता टॅक्सी कशीही हाणा, कुणी बघत नाही. ४० मैलांच्या मर्यादेला अर्थ उरत नाही. लाल दिवा ही रस्त्यावरची शोभा होऊन जाते. बँक लुटून निघाल्यावर गल्लीबोळातून पळताना छातीत जी धडधड होते, ती एरवी आपण त्याच रस्त्यांवरून शिस्तीत, भीत भीत गाडी चालवलेली असते म्हणून होते. तो धाक गेला की संथ गाडी ही नुसती संथ गाडी उरते. मग खेळणारा विचारणारच, की ‘व्हाइस सिटी’त याहून वेगवान गाड्या आहेत, उपद्व्याप करायला मोकळं रान आहे, मग हा गेम का घ्यायचा? परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. गुण साठीच्या घरात उतरले, पीसीपेक्षा वीसहून अधिकने कमी. कथेचं कौतुक तिथेही झालं, कारण कथा शाबूत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात जीटीए मालिकेतला ‘सॅन अँड्रियास’ आला आणि कन्सोलवरचा ‘माफिया’ लोकांच्या नजरेआड गेला.

‘पोर्ट करणाऱ्यांना जमलं नाही’ हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. दीडेक वर्षापूर्वीचा, दुसऱ्याच यंत्रासाठी घडवलेला गेम त्यांच्या पदरात पडला होता आणि मूळ बांधणारी मंडळी सोबत नव्हती. त्या अटींवर त्यांनी अख्खं लॉस्ट हेवन ३२ एमबीत उभं करून दाखवलं. चूक असलीच तर ती, गेममध्ये महत्त्वाचं काय आणि भरतीचं काय, हे ठरवताना झाली. ज्याने तो टॅक्सीचा प्रसंग मनापासून रचला, त्याला विचारलं असतं तर त्याने कात्री दुसरीकडे चालवायला सांगितली असती, असं मला राहून राहून वाटतं.

पुढचं थोडक्यात. जानेवारी २००८ मध्ये टेक-टूने इल्यूजन सॉफ्टवर्क्स विकत घेतली, तिचं नाव टू-के चेक झालं. ‘माफिया २’ ऑगस्ट २०१० मध्ये पीसी आणि कन्सोलवर एकाच वेळी आला. वाव्रा बाहेर पडला, त्याने २०११ मध्ये वॉरहॉर्स ही गेम कंपनी काढली आणि २०१८ मध्ये मध्ययुगीन बोहेमियातला ‘किंगडम कम’ आणला. त्यातही तलवार धरायची कशी इथपासून शिकावं लागतं. मूळ ‘माफिया’ मधली काही वर्षं डिजिटल दुकानांतून नाहीसा झाला होता. २०१७ मध्ये तो परत आला, पण परवान्याची गाणी वगळून. जँगो राइनहार्ट नसलेलं लॉस्ट हेवन मला तरी रिकामं वाटतं.

कन्सोलवाल्यांना पहिला ‘माफिया’ धडपणे मिळाला तो २५ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे पोर्टनंतर १६ वर्षांनी. हँगर १३ या स्टुडिओने तो मुळापासून नव्याने बांधला, आणि ब्रनोचा जुना स्टुडिओ तोवर हँगर १३ मध्येच विलीन झाला होता. त्यात ‘क्लासिक’ नावाची अवघड पातळी आहे. ती निवडली की अर्ध्या भरलेल्या मॅगझिनमधल्या गोळ्या पुन्हा वाया जाऊ लागतात आणि पोलीस बारीकसारीक गुन्ह्यांकडेही लक्ष ठेवतात. आणि पॅडवर एक बटण आहे, ते दाबलं की गाडी वेगमर्यादेच्या वर जातच नाही.