आठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि डग्ग्याचा घुमारा

राजारामपुरीतल्या आमच्या शेजारच्या मुलाने गेल्या महिन्यात हौसेने व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर घेतला. ३००बी जातीचा ट्रायोड, म्हणजे तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह, डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला एकच, ताकद आठ वॅट. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. "काका, एवढं पैसं घातलं आणि आवाजच निघंना. वर डग्गा नुसता घुमतोय, बोल कळंनात."

त्याचा पहिला संशय वॅटवर होता, आणि तो साहजिक आहे. कोल्हापुरात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात आणि तिची थोरवी हजारो वॅटमध्ये मोजतात. पण वॅट ही अ‍ॅम्प्लिफायरने दिलेली वीज झाली. तिचा आवाज किती होणार हे स्पीकर ठरवतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ती स्पीकरची संवेदनशीलता. या मुलाचे स्पीकर पुस्तकाच्या कपाटात मावतील एवढे, ८५ डेसिबलचे. कर्ण्याचे किंवा मोठ्या पेटीचे स्पीकर सहज ९५ डेसिबल देतात. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वीज. मोठ्या पेटीतून आठ वॅट जेवढा आवाज काढतील, तेवढ्यासाठी त्याच्या छोट्या स्पीकरला ८० वॅट लागतील. 'आवाज निघंना' याचं उत्तर इथेच संपलं.

डग्ग्याचं कोडं मात्र मला फार आवडतं. त्यासाठी व्हॉल्व्हच्या शेजारचा जड ट्रान्सफॉर्मर बघावा लागतो.

व्हॉल्व्हमध्ये निर्वातातून इलेक्ट्रॉन धावतात. व्होल्टेज तीन-चारशे, प्रवाह मात्र मिलिअँपिअरमध्ये. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं, थोडे व्होल्ट आणि भरपूर प्रवाह. गुऱ्हाळात मोटर भरभर फिरते, पण उसाच्या चरकाला संथ आणि दांडगी फिरकी लागते, म्हणून मधे गिअर घालतात. तेच काम इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. वेढ्यांचं प्रमाण २५ ला १ धरा. व्होल्टेज २५ पट कमी होतं, प्रवाह २५ पट वाढतो, आणि रोध म्हणजे व्होल्टेज भागिले प्रवाह, म्हणून रोधाचं प्रमाण २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ होतं. आठ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५,००० ओहमचा दिसतो. उद्यमनगरात मोटर वाइंडिंग करणाऱ्याला हा हिशेब सांगावा लागणार नाही.

हाच हिशेब उलट्या दिशेनेही चालतो. ३००बी चा स्वतःचा अंतर्गत रोध सुमारे ७०० ओहम. त्याला ६२५ ने भागलं की एक ओहमच्या थोडं वर येतं. त्यात तांब्याच्या वेढ्यांचा रोध मिळवला की स्पीकरच्या बाजूने बघताना हा अ‍ॅम्प्लिफायर दीड-दोन ओहमचा दिसतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हाच आकडा बहुधा ०.१ ओहमच्याही खाली असतो.

आता स्पीकरकडे या. पाठीवर '८ ओहम' छापलेलं असलं तरी तो आकडा नावापुरता आहे. मल्टिमीटर लावला तर सहाच्या आसपास दाखवेल, आणि तोही फक्त तारेच्या वेटोळ्याचा रोध. गाणं सुरू असताना स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण रोध, स्वराप्रमाणे बदलतो. एका पट्टीत तो ५ ओहमवर उतरतो, तर वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) स्वतःच्या खर्जातल्या कंपनापाशी ३० ओहमवर चढतो. अ‍ॅम्प्लिफायरचे २ ओहम आणि स्पीकरचे ओहम एकापुढे एक जोडलेले असल्याने व्होल्टेजची वाटणी होते. ५ ओहमच्या जागी स्पीकरला सातातले पाच भाग मिळतात, म्हणजे ७१ टक्के. ३० ओहमच्या जागी बत्तिसातले तीस, म्हणजे ९४ टक्के. फरक जवळपास अडीच डेसिबलचा. आमच्या मुलाच्या स्पीकरमध्ये तो नेमका डग्ग्याच्या पट्टीत पडला होता.

शिवाय लगाम सैल. वूफर हलतो तेव्हा तो छोटा डायनामोही असतो आणि उलटी वीज तयार करतो. तिला परत जायला सोपी वाट मिळाली की पडद्याला ब्रेक लागतो. हे घरी करून बघा. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवा आणि वूफरच्या पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मारा. 'डुब्ब' असा लांबलेला आवाज येईल. मग स्पीकरची दोन्ही टोकं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून पुन्हा टिचकी मारा. 'टप्'. डग्ग्यावर मोकळ्या हाताचा 'घे' आणि दाबलेल्या पंजाचा 'क' यांत जो फरक, तोच.

जाहिरातीत 'डॅम्पिंग फॅक्टर १०००' (स्पीकरचे ओहम भागिले अ‍ॅम्प्लिफायरचे ओहम) असं मिरवतात, ते मात्र मनावर घेऊ नका. ब्रेकच्या वाटेत वेटोळ्याचे सहा ओहम कायम बसलेले असतात. त्यात ०.०५ मिळवा नाहीतर ०.००५, कानाला काही कळत नाही. दोन ओहम मिळवले तर कळतं. वायरीवर बाण छापून 'याच दिशेने जोडा' सांगणारेही आहेत. ध्वनीचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, त्याला कसला बाण? ही अंधश्रद्धाच आहे, फक्त महाग.

व्हॉल्व्हच्या आवाजाला गोडवा असतो, हे मी मानतो. असा एकटा ट्रायोड मूळ स्वरात थोडी भेसळ करतो, ती मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची, म्हणजे षड्जात तार षड्ज. तानपुऱ्याने घडलेल्या कानाला ती खुपत नाही.

नुसता व्हॉल्व्हचा, मुख्य यंत्राआधी बारीक सिग्नल हाताळणारा प्रीअ‍ॅम्प घेऊन पुढे ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर लावणाऱ्यांना ही स्पीकरची भानगड नाही, कारण प्रीअ‍ॅम्पची स्पीकरशी गाठच पडत नाही. त्यांनी पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स बघावा. तो प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट हवा. प्रीअ‍ॅम्पच्या तोंडाशी ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे १० किलोओहम असतील तर ७२ हर्ट्झपासूनच खर्ज गळायला लागतो. पुढे १०० किलोओहम असतील तर ही अडचण येत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि बराच वेळ थांबलो. आतले कपॅसिटर बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवतात, म्हणून आम्ही झाकण उघडलं नाही. मागे '४' आणि '८' असे दोन स्क्रू होते. स्पीकरची वायर आठवरून चारवर आणली आणि ती पक्की बसल्याची खात्री करूनच बटण दाबलं, कारण स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प्लिफायर चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. चारचा स्क्रू चार ओहमच्या स्पीकरसाठी असतो, तिथे ट्रान्सफॉर्मरचं वेढ्यांचं प्रमाण वेगळं पडतं, म्हणून त्यावर अ‍ॅम्प्लिफायरचे दोन ओहम एकावर येतात, आणि अडीच डेसिबलचा उंचवटा सव्वावर. कमाल ताकद थोडी घटते.

विलंबित एकतालाची तीच ध्वनिफीत पुन्हा लावली. डग्ग्याची मींड आता खालून वर जाताना ऐकू आली, आणि मागचा 'क' वेगळा पडला. पोरगं दोन आवर्तनं काही बोललं नाही. आता तो ९५ डेसिबलच्या जुन्या पेट्या शोधतोय, आणि विकणाऱ्याला आधी इम्पिडन्सचा आलेख मागतोय.