गुणात्मकप्रधान मिश्र-पद्धती संशोधन

माणसांचे अनुभव, त्या अनुभवांना ते देत असलेले अर्थ आणि त्यांची स्वतःची भाषा मध्यवर्ती ठेवून आकडेवारीची जोड घेणारी संशोधनरीत. मुलाखती, निरीक्षण, गटचर्चा हा तिचा कणा. सर्वेक्षण वा मोजमाप पूरक.

मुलाखती किती आणि प्रश्नावल्या किती, यावरून प्राधान्य ठरत नाही. ते मूळ प्रश्नावरून ठरते. ‘किती रुग्ण उपचार सोडतात?’ हा मोजणीचा प्रश्न. ‘उपचार सोडावे असे माणसाला केव्हा आणि का वाटते?’ हा प्रश्न घेतला, की आराखडा आपोआप गुणात्मक अंगाने जातो. कोणती पद्धत मुख्य हे दाखवण्यासाठी संशोधक जॅनिस मोर्स यांनी १९९१ मध्ये सुटसुटीत चिन्हे सुचवली: मुख्य पद्धतीचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पूरक पद्धत लहान अक्षरांत, दोन्ही एकाच वेळी असतील तर अधिकचिन्ह, एकामागून एक असतील तर बाण.

समजा, दीर्घ आजारावरील औषधांचा अभ्यास आहे. प्रश्नावलीत विचारले, ‘गेल्या आठवड्यात गोळी चुकली का?’ एक बाई ‘नाही’वर खूण करतात. मुलाखतीत त्याच सांगतात, “बरं वाटत होतं, म्हणून दोन दिवस घेतली नाही.” त्यांच्या लेखी गोळी चुकलेली नाही, त्यांनी विचार करून ती टाळली आहे. चुकणे आणि टाळणे हा भेद त्यांच्या बोलण्यातून हाती आला, तो संशोधकाच्या चौकटींत नव्हता. पुढच्या प्रश्नावलीत मग दोन वेगळे प्रश्न येतात.

पण धोकाही इथेच आहे. मुलाखतींतून प्रश्नावली तयार झाली, की मुलाखतींचे काम संपले असे मानले जाते आणि अखेरचा शब्द आकड्यांचा ठरतो. म्हणून सर्वेक्षणानंतर पुन्हा माणसांकडे जाण्याची सोय आराखड्यात आधीच हवी. ज्यांची उत्तरे सर्वसाधारण चित्रात बसत नाहीत, त्यांच्याशी तर आवर्जून बोलावे. ग्रीन, कॅरासेली आणि ग्रॅहम यांनी १९८९ मध्ये पद्धती एकत्र आणण्याची पाच प्रयोजने मांडली. विसंगतीतून नवे प्रश्न शोधणे हे त्यांपैकी एक. प्रत्यक्षात मात्र विसंगती दिसली की ती अनेकदा चूक म्हणून बाजूला पडते, आणि हे नुकसान मोठे आहे.

नमुन्याबाबत काटेकोर राहावे लागते. पंधरा जण सहेतुक, म्हणजे त्यांचा अनुभव विषयाला उपयोगी म्हणून मुद्दाम निवडले असतील, तर त्यांतल्या नऊ जणांच्या मतावरून ‘साठ टक्के लोक’ असे लिहिणे चुकीचे. तो नमुना खोली गाठण्यासाठी निवडलेला असतो, प्रमाण काढण्यासाठी नव्हे. प्रमाण हवेच असेल, तर त्यासाठी स्वतंत्र, पुरेसा मोठा नमुना घ्यावा.

मिश्र पद्धतींच्या नावाखाली गुणात्मक अंगाला दुय्यम स्थान मिळते, अशी टीका लिन गिडिंग्ज यांनी २००६ मध्ये केली. त्याच वर्षी जेनिफर मेसन यांनी गुणात्मक विचाराने चालणाऱ्या मिश्रणाची बाजू मांडली. अहवाल वाचताना हा फरक लगेच कळतो: काही अहवालांत मुलाखतींतली वाक्ये तक्त्यांखाली नमुन्यादाखल टाकलेली असतात, काहींत त्या वाक्यांवरूनच तक्त्यांचे स्तंभ ठरलेले असतात.