प्रिफिक्स-संग्रह (पॉलिमर नोटांचा) : ग्रामीण विदर्भ

नोटेच्या क्रमांकाआधी छापलेल्या अक्षर-अंकांच्या गटाला प्रिफिक्स म्हणतात. या गटावरून निवडून नोटा जमवण्याचा छंद म्हणजे प्रिफिक्स-संग्रह. बोलताना संग्राहक नुसते ‘सिरीज’ म्हणतात. एकाच मूल्याच्या, दिसायला तंतोतंत सारख्या दोन कोऱ्या नोटांपैकी एक दर्शनी किमतीला खपते आणि दुसरीसाठी लिलावात चढाओढ लागते, ती बहुतेक वेळा या दोन-तीन अक्षरांमुळे. भारतात पॉलिमरची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘प्लॅस्टिकची’, नोट अद्याप चलनात आलेली नाही. त्यामुळे विदर्भातल्या खेड्यातला संग्राहक आधी कागदी नोटांवर नजर तयार करतो आणि प्लॅस्टिकच्या नोटा त्याच्या वहीत मागाहून, बाहेरून येतात.

प्रिफिक्स दुर्मीळ कशाने होतो

दुर्मीळ ठरते ती नोट, जिच्या प्रिफिक्सखाली थोड्या नोटा छापल्या गेल्या किंवा छापलेल्यांपैकी थोड्या शिल्लक राहिल्या. क्रमांक दिसायला गंमतीदार असण्याशी याचा संबंध नाही. गावोगाव ७८६ क्रमांकाच्या नोटा हौसेने जपल्या जातात, जन्मतारखेच्या नोटा शोधल्या जातात, सगळे आकडे सारखे असलेली नोट पाकिटात घडी घालून वर्षानुवर्षे फिरवली जाते. ही हौस चांगलीच, पण तो ‘फॅन्सी नंबर’चा प्रांत झाला. शेवटी ७८६ येणारी नोट दर हजारात एक असते, आणि हे गणित प्रत्येक प्रिफिक्सला सारखेच लागू पडते.

भारतीय नोटेवर प्रिफिक्समध्ये एक अंक व दोन अक्षरे असतात आणि पुढे सहा आकडी क्रमांक येतो. एका प्रिफिक्सखाली दहा लाख नोटांपर्यंत मजल जाते. अगदी शेवटच्या नोटेवर सहाऐवजी सात आकडे दिसतात आणि ‘दहा लाखवाली’ म्हणून तिला वेगळा भाव मिळतो. क्रमांकाच्या चौकटीत मागे फिकट छापलेले एक अक्षरही असते, त्याला ‘इनसेट’ म्हणतात. तोच प्रिफिक्स, तेच मूल्य, तीच सही, पण इनसेट वेगळा, तर संग्राहकाच्या लेखी नोट वेगळी. २००५ पासून नोटेच्या मागच्या बाजूला छपाईचे वर्षही येऊ लागले. नवखा माणूस यांतली एखादी गोष्ट सोडून देतो आणि साध्या नोटेला दुर्मीळ समजून बसतो.

मालिकेचा पहिला प्रिफिक्स (भारतात ‘०एए’) लोक जपून ठेवतात, म्हणून तो कोऱ्या अवस्थेत मिळतो तरी. शेवटच्या प्रिफिक्सचे तसे नसते. मालिका कधी बंद होणार हे लोकांना आधी माहीत नसते. नोटा बाजारात जातात, मळतात, बँकेत परततात आणि नष्ट केल्या जातात. म्हणून शेवटचा प्रिफिक्स अनेकदा पहिल्यापेक्षा दुर्मीळ निघतो. तिसरा प्रकार बदली नोटांचा. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घालायच्या नोटांवर भारतात २००६ पासून प्रिफिक्स आणि क्रमांक यांमध्ये तारांकन येते. सुरुवात १०, २० आणि ५० रुपयांपासून झाली, २०१६ च्या अखेरीस नव्या ५०० च्या नोटेतही ‘स्टार’ आली. २०२३ च्या जुलैत या नोटा नकली असल्याची आवई उठली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की त्या इतर नोटांइतक्याच वैध आहेत. काही आठवडी बाजारांत आजही स्टारची नोट उलटसुलट करून पाहिली जाते. संग्राहकाला ते बरेच आहे. दुकानदार ती आनंदाने बदलून देतो.

सहीचाही वाटा मोठा असतो. बी. एन. आडारकर हे १९७० साली ४ मे ते १५ जून एवढाच काळ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही मिळते आणि त्या नोटा आधीचे गव्हर्नर एल. के. झा यांच्या सहीच्या नोटांहून विरळ आहेत. १९६९ च्या या नोटांवर बसलेल्या गांधीजींच्या मागे सेवाग्रामचा आश्रम आहे, म्हणजे वर्धा जिल्ह्यातले एक खेडे थेट नोटेवर आहे. विदर्भातल्या संग्राहकाची पहिली ‘जुनी’ नोट पुष्कळदा हीच असते.

पॉलिमर नोटा

ऑस्ट्रेलियात १९६६ साली दशमान चलन आले आणि थोड्याच काळात दहा डॉलरच्या बनावट नोटा पकडल्या गेल्या. त्यातून तिथल्या रिझर्व्ह बँकेने आणि सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने मिळून पॉलिप्रॉपिलीनच्या ताणलेल्या पातळ पत्र्यावर नोट छापण्याचे तंत्र विकसित केले. १९८८ साली, वसाहतीच्या दोनशेव्या वर्षानिमित्त, दहा डॉलरची पहिली पॉलिमर नोट निघाली. १९९६ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या सर्व नोटा पॉलिमरच्या झाल्या. त्याआधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हैती, कोस्टा रिका आणि आईल ऑफ मॅन यांनी टायवेक नावाच्या वेगळ्या कृत्रिम पत्र्यावर नोटा काढून पाहिल्या होत्या. शाई टिकेना म्हणून तो प्रयोग पुढे गेला नाही.

प्रिफिक्स-संग्राहकाला ऑस्ट्रेलियाची नोट विशेष सोयीची वाटते. दोन अक्षरांनंतर येणारे पहिले दोन आकडे छपाईचे वर्ष सांगतात. ‘एए ९५’ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १९९५ च्या छपाईचा पहिला प्रिफिक्स. एकदा ही किल्ली कळली की कोणतीही नोट हातात घेताच तिची जागा ठरवता येते. बँक ऑफ इंग्लंडची पाच पौंडांची चर्चिल नोट सप्टेंबर २०१६ मध्ये आली, तेव्हा ‘एए ०१’ साठी झुंबड उडालीच, शिवाय ‘एके ४७’ या प्रिफिक्ससाठीही. बंदुकीचे नाव जुळले एवढ्यावर लोकांनी दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मागितले. एके ४७ च्या नोटा शेजारच्या प्रिफिक्सइतक्याच छापल्या गेल्या होत्या. इंग्लंडचा एके ४७ आणि आपला ७८६ यांची जातकुळी एकच.

भारताच्या शेजारी श्रीलंकेने १९९८ मध्ये स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाची २०० रुपयांची, बांगलादेशाने २००० मध्ये १० टक्यांची आणि नेपाळने २००२ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांच्या चित्राची १० रुपयांची पॉलिमर नोट काढली. बांगलादेश आणि नेपाळ पुढे कागदाकडे वळले. भारतात २०१४ च्या सुरुवातीला सरकारने संसदेत सांगितले होते की १० रुपयांच्या १०० कोटी प्लॅस्टिक नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, शिमला आणि भुवनेश्वर या वेगवेगळ्या हवामानाच्या पाच शहरांत चाचणीसाठी आणल्या जातील. त्या नोटा लोकांच्या हातात आल्या नाहीत. मे महिन्यातल्या उन्हाचीच परीक्षा घ्यायची होती तर चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी यादीत हवे होते, अशी इकडची तक्रार असते आणि ती अगदीच गैरलागू नाही. भारतीय नोटेचा कागद कापसापासून बनतो. कापसाच्या मुलखात प्लॅस्टिकच्या नोटेकडे पाहुणी म्हणूनच पाहिले जाते, हे ओघाने आलेच.

विदर्भातला संग्रह

नोटांशी या भागाचे नाते जुने आहे. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानंतर नोटा मंडळवार (चलनाच्या विभागांनुसार) निघत आणि त्यांवर मंडळाचे नाव छापलेले असे. त्या काळात नागपूर आणि अकोला इथेही अशी मंडळे किंवा उपमंडळे होती. वऱ्हाडच्या कापसाला आलेल्या भावामुळे अकोल्यात रोख रकमेची किती गरज होती, हे यावरून कळते. अशा एकतर्फी छपाईच्या नोटा आज खेड्यात सापडणे जवळजवळ अशक्य. लिलावाच्या सूचीत त्यांचे दर्शन घडते तेवढेच. रिझर्व्ह बँकेचे नागपुरात कार्यालय आहे. संविधान चौकाला जुनी माणसे अजून आरबीआय चौकच म्हणतात. अजबबंगल्यातले (मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३) नाण्यांचे दालन पाहून छंदाला लागलेलेही अनेक आहेत.

खेड्यात नोटा पाहायला मिळण्याची ठिकाणे ठरलेली असत. कापूस विकल्यावर मिळणारा चुकारा रोखीत असे तेव्हा जिनिंगच्या फाटकाबाहेर कोऱ्या गड्ड्या सुटत. पूर्वेच्या जंगलपट्टीत तेंदूपत्त्याच्या संकलन केंद्रावर मे महिन्यात लहान मूल्याच्या नोटांचे वाटप होई. एसटीचा वाहक, टपाल कार्यालयातला कारकून, किराणा दुकानदार आणि शाळामास्तर हे या छंदाचे चार खांब. वाहकाकडे दिवसभरात शेकडो दहा-वीसच्या नोटा येत, आणि पाहणाऱ्याला प्रिफिक्स वाचायला एक क्षण पुरे. आता चुकारा खात्यात जमा होतो, चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लागला आहे. हातातून जाणाऱ्या नोटा कमी झाल्या. नवा संग्राहक थेट विकत घेण्याकडे वळला तो त्यामुळे.

एक झरा मात्र अजून आटलेला नाही. लक्ष्मीपूजनाला पूजेत ठेवलेली नोट अनेक घरांत खर्च करत नाहीत. देव्हाऱ्याखालच्या डब्यात दरवर्षीची एकेक नोट साचत जाते. अशा डब्यात एकच्या आणि दोनच्या नोटा ओळीने निघतात, कडक, न वापरलेल्या, पण एका कोपऱ्यावर हळदीचे बोट आणि मधोमध कुंकवाचा ठिपका. बाजाराच्या हिशेबाने त्या डागाने किंमत निम्म्याहून खाली येते. काही संग्राहक तो डाग खोडरबराने घासतात आणि कागदाचा पोत घालवून बसतात. तो तसाच ठेवावा. ज्या घरची नोट आहे त्या घराला ती तशीच ओळखू येते, आणि धुतलेली नोट जाणकार लगेच ओळखतो.

पॉलिमर नोटांचे मार्ग वेगळे. तालुक्याच्या गावात रात्री गस्त घालणाऱ्या नेपाळी चौकीदाराकडून १० रुपयांची नेपाळी नोट मिळे. तिच्यावरचा क्रमांक देवनागरी आकड्यांत असल्यामुळे इंग्रजी न येणाऱ्यालाही वाचता येतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर परदेशी उपासक आणि भिक्खू येतात, त्यांच्याकडून श्रीलंकेची किंवा थायलंडची नोट हाती लागते. सेवाग्राम पाहायला येणारे पाहुणे, परदेशी मोहिमेवरून परतलेला फौजी आणि ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेला गावातला मुलगा हेही पुरवठादार. अशा नोटा एकेक, सुट्या येतात. त्यामुळे इकडे पूर्ण प्रिफिक्स-मालिका लावणारा क्वचित दिसतो. बहुतेकांचा संग्रह ‘एका देशाची एक नोट’ असा असतो आणि प्रिफिक्सची आवड त्यानंतर जडते.

हाताळणी

कागदी नोट तपासताना डाव्या बाजूची टाचणीची भोके आधी पाहतात. पूर्वी बँका गड्डीला स्टेपलर मारत. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करून कागदी पट्टी वापरायला सांगितले. त्याआधीच्या नोटेला भोके असणे हा म्हणून दोष धरत नाहीत. उलट भोके नसतील तर भाव चढतो. प्लॅस्टिकच्या नोटेला मात्र टाचणी अजिबात चालत नाही. धडधाकट पॉलिमर नोट हाताने फाटत नाही, पण कडेला बारीकशी चीर पडली की ती सरळ आरपार जाते.

आपल्याकडे चुरगळलेली नोट ओल्या फडक्याखाली घालून इस्त्री करण्याची सवय आहे. पॉलिमर नोटेवर इस्त्री फिरवली तर ती आक्रसून लहान होते आणि परत मूळ मापाला येत नाही. वैदर्भीय उन्हाळ्याने तिला काही होत नाही, पण स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांना होते: पत्र्याच्या छपराखाली कपाट तापले की पाकीट चिकट होते आणि नोटेवर तेलकट थर बसतो. पॉलिप्रॉपिलीनची किंवा मायलरची पाकिटे थोडी महाग पडतात, पण घ्यावीत ती त्याच जातीची. पावसाळ्यात कागदी नोटांना बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या नोटेला ती भीती नाही. घडीची खूण मात्र तिच्यावरून जात नाही, आणि घडीवरची शाई आधी उडते.

फसवणूक आणि कायदा

‘ट्रॅक्टरवाली पाचची नोट लाखात विका’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात आणि त्यांचा नेम खेड्यांवर असतो, कारण ट्रॅक्टरचे चित्र असलेली ५ रुपयांची नोट खेड्यातल्या घरोघरी आहे. आधी नोंदणीचे, मग कराचे, मग ‘रिझर्व्ह बँकेच्या कमिशन’चे पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलेही शुल्क घेत नाही. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. तो नोटेच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागतो.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटांबाबत २०१७ चा कायदा आहे. त्यानुसार कोणालाही अशा एकूण १० पर्यंतच नोटा बाळगता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणे-नोटा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. तिच्यावर गेल्यास १० हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. रद्द नोटांचे सगळे प्रिफिक्स लावायला निघालेल्या संग्राहकाने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेला बरा. २००० ची नोट १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले, पण तिची वैधता काढलेली नाही, म्हणून ती या मर्यादेत धरली जात नाही. परदेशी नोटांसाठी परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचे नियम आहेत. भेट वगैरे मान्य मार्गांनी मिळालेल्या परदेशी नोटा भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एकूण २००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ ठेवता येतात; परदेशी नाण्यांना अशी मर्यादा नाही.