गळाची काठी तुकड्यांची का झाली?

रविवारी पहाटे गगनबावड्याच्या रस्त्याला पाठीवर लांबट नळी अडकवलेले दुचाकीस्वार हमखास दिसतात. कुणाकडे विकतची कापडी केस असते, पुष्कळांकडे शेतातल्या पीव्हीसी पायपाचा कापलेला तुकडा. आत मासेमारीचे रॉड. कुणी घाट उतरून देवगड-मालवणच्या खडकांवर निघालेला असतो, कुणी अलीकडच्याच एखाद्या बंधाऱ्यावर दिवस काढणार असतो. दोन पिढ्यांमागे गळ टाकायला निघालेला माणूस रिकाम्या हातानं घराबाहेर पडला तरी चालायचं. दोरी आणि गळ खिशात असला की झालं, वाटेत बांबूचं बेट होतंच. काठी सांभाळून न्यावी लागते ही अडचण तशी अलीकडची. ती वाहनांमुळे आली आणि काठी ज्या मालाची बनते तो माल बदलल्यामुळे आली. माशांचा यात फारसा हात नाही.

पंचगंगेच्या काठची जुनी काठी म्हणजे माणगा किंवा चिव्याचा एक सरळ दांडा. या बांबूला पोकळी कमी, त्यामुळे तो वाकतो पण सहसा मोडत नाही. विस्तवावर शेकून वाक काढायचा आणि पाण्यात भिजत ठेवायचा म्हणजे भुंगा लागत नाही. मग घराच्या वळचणीला दोन-तीन दोरीच्या फासांत आडवी टांगून ठेवायची. चुलीचा धूर लागला तर आणखी बरं, कीड दूर राहते. आजही रॉड ठेवण्याची उत्तम रीत हीच आहे: आडवा आणि दोन-तीन ठिकाणी आधार. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली काठी आपल्याच वजनानं हळूहळू वाकते आणि बांबूचा तो वाक पुन्हा सहजी जात नाही. काठी मोडलीच तर कुणी हळहळत नसे. शेंड्याकडचा तुकडा टाकायचा, नाहीतर बेटातून दुसरी तोडायची.

काठीचे तुकडे करण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. 1496 साली इंग्लंडात छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या एका मजकुरात काठी तयार करण्याची कृती दिली आहे. बुडख्याकडचा भाग तापलेल्या सळईनं आतून पोकळ करायचा, शेंड्याचे भाग त्यात सरकवायचे आणि टोकांना धातूची कडी बसवायची. हातात घेतली की ती चालायची काठी दिसते आणि आपण कुठं निघालो ते कुणाला कळत नाही, हेही तिथं आवर्जून सांगितलंय. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थांना हे का लपवायचं होतं, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा.

यानंतरची मोठी उलथापालथ एकोणिसाव्या शतकातली, आणि तिच्यात आपल्याकडचा बांबू आहे. तोवर युरोप-अमेरिकेतले रॉड हिकरी, लान्सवुड, ग्रीनहार्ट अशा लाकडांचे, लांब आणि जड असत. 1840 च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी यानं बांबूच्या चिरफळ्या त्रिकोणी तासून एकमेकींना चिकटवल्या आणि रॉड बनवला. बंदुका आणि व्हायोलिन दुरुस्त करणारा हा माणूस. पातळ लाकूड सरसानं जोडणं त्याच्या हातातलंच. पुढं 1870 च्या दशकात हायरम लेनर्डनं सहा पट्ट्या अचूक कापायचं यंत्र केलं आणि हे रॉड मोठ्या प्रमाणावर निघू लागले. या पहिल्या पिढीच्या रॉडचा बांबू कलकत्ता बंदरातून जात असे, म्हणून तिकडे त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली.

असा रॉड महाग, आणि तो घेऊन जाणारा गिऱ्हाईक रेल्वेनं फिरणारा. डब्यात मावायचं तर दोन-तीन तुकडे हवेत आणि प्रत्येक तुकड्याला सांधा हवा. हे सांधे जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे. नळीत नळी इतकी घट्ट बसायची की काढताना आवाज यावा. फार कोरडा सांधा अडकून बसतो, म्हणून जुने लोक त्याचं टोक नाकाच्या कडेला घासून घ्यायचे. चेहऱ्याचं तेल तेवढ्याला पुरतं. हे ऐकायला कसंतरीच वाटतं, पण युक्ती खरी आहे.

या काळातलं संरक्षणाचं सामान बघण्यासारखं आहे. तुकड्यांसाठी शिवलेले कप्पे असलेली कापडी पिशवी, त्यात नाजूक शेंड्यांसाठी पोकळ बांबूची वेगळी नळी, आणि काही अमेरिकन रॉडसाठी खाचा पाडलेली फ्लॅनेल लावलेली लाकडी पट्टी. शेंडे बहुधा दोन देत. एक मोडणार हे बनवणाऱ्यानं गृहीतच धरलेलं. अॅल्युमिनियमच्या नळ्या त्यानंतर आल्या आणि ठोका-धक्क्यापासून रॉड खरोखर सुरक्षित झाला. पण तिथून एक नवीनच दुखणं सुरू झालं. ओला रॉड घट्ट झाकणाच्या नळीत गेला की आत वाफ कोंडते, वार्निशला फोड येतात, पिशवीला बुरशी धरते. त्या काळचा सरस जनावरांच्या कातडी-हाडांचा, ओल आणि उष्णता लागली की सुटायचा. म्हणून तर रॉडवर थोड्या-थोड्या अंतरावर रेशमी दोऱ्याचे वेढे असत. हिंदुस्थानात महासीर या मोठ्या नदीतल्या माशाच्या मागे फिरणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या रॉडना इथल्या पावसाळ्यानं काय केलं असेल, हे राधानगरी-गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्याला सांगायला नको.

कोल्हापूरला रेल्वे 1891 मध्ये आली, मिरजेपर्यंतच्या फाट्यानं. पण स्थानिक गळवाल्याला तिचा काही उपयोग नव्हता. त्याची नदी दाराशी होती. त्याला लांब नेलं ते धरणांनी आणि रस्त्यांनी. राधानगरीचं धरण, पुढं तुळशी, काळम्मावाडी, अशी पाणी पसरलेली ठिकाणं शहरापासून तासा-दोन तासांवर गेली. (राधानगरीच्या जलाशयाभोवती 1958 पासून अभयारण्य आहे आणि बाकी जलाशयांत मासेमारीचे ठेके असतात, परवानगी विचारूनच गळ टाकावा.) जायचं साधन एसटी. लांब काठी गर्दीतून नेण्याची विद्या कोल्हापूरला नवी नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंचच उंच सासनकाठ्या नाचतात. पण तिथं तोल धरायला दोरांवर माणसं असतात. रंकाळा स्टँडवर एकट्यानं बारा फुटी बांबू घेऊन एसटीत चढणं ही वेगळी गोष्ट. तो टपावर जायचा, आणि उतरताना शाबूत मिळाला तर नशीब.

मधला फायबर ग्लासचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1940 च्या दशकात अमेरिकेत काचतंतू आणि रेझिनचे रॉड निघाले. 1950 मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन बांबूचा पुरवठा थांबला आणि ग्लासचं राज्य पक्कं झालं. ते जड होते, पण आपटा-धोपटा, फारसं काही होत नसे. माझ्या मते टपावरून न्यायला याहून चांगला रॉड पुन्हा झाला नाही.

खरी काळजी कार्बननं लावली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात 1960 च्या दशकात मजबूत कार्बन तंतू तयार झाला, तो विमानांसाठी. 1973 मध्ये फेनविक या अमेरिकन कंपनीनं त्याचे रॉड बाजारात आणले. वजन एकदम उतरलं. पण ही पातळ भिंतीची नळी आहे. तंतू बहुतेक लांबीच्या दिशेनं असतात, म्हणून वाकताना ती अफाट ताकद दाखवते आणि आडव्या ठोक्याला कच खाते. दुचाकीवर मोकळं राहिलेलं शिसं, म्हणजे गळ बुडवायला दोरीला लावलेलं वजन, रस्ताभर रॉडवर टकटक आपटतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग मोठा मासा लागल्यावर नेमका तिथंच तो तुटतो. माणूस दुकानदाराला शिव्या देतो. खरं तर रॉड आंबा घाटातच मेलेला असतो. गाडीच्या दारात किंवा डिकीच्या झाकणात सापडून मोडणारे रॉड तर जगभर आहेत. दोरी जाते त्या कड्यांच्या आतलं सिरॅमिक तडकतं हाही असाच न दिसणारा घाव. त्या तड्यावर नायलॉनची दोरी कापली जाते.

आपल्या बाजारात सामान्य माणसाच्या हाती आला तो टेलिस्कोपिक रॉड. मिटवला की हातभर, सॅकमध्ये मावतो, कंडक्टर विचारत नाही. सोय झाली, पण किंमत मोजावी लागली: प्रत्येक तुकडा आतल्या तुकड्यावर घासतो आणि मालवणची वाळू आत गेली की तो अडकतो. उघडताना शेंड्यापासून, मिटवताना जाड तुकड्यापासून सुरुवात करावी. उलट केलं की पातळ शेंडा सैल सुटून मोडतो. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, उघडा ठेवून सुकवावा.

प्रवासाचे नियम आजही काठीची लांबी ठरवतात. रेल्वेच्या डब्यात सोबत न्यायच्या पेटी-बॅगेची सर्वसाधारण मर्यादा 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहे. सहा फुटी रॉडचे दोन तुकडे त्यात जेमतेम बसतात, आठ फुटीचे बसत नाहीत. विमानात लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरचा दंडक सर्रास असतो, म्हणून चार-चार तुकड्यांचे ‘ट्रॅव्हल रॉड’ निघाले. कार्बनचे सांधे धातूसारखे अडकत नाहीत. वर मेणबत्तीचं मेण चोळलं की पुरे, नाक लागत नाही.

आणि तो पीव्हीसी पाईप. उसाच्या पट्ट्यात हा तुकडा कुठल्याही कृषी दुकानात किंवा बांधावर मिळतो. 75 मिलिमीटरचा, 4 किलो दाबाचा पाईप दोन रॉडना पुरतो. एका टोकाला झाकण सोल्युशननं चिकटवायचं, दुसऱ्या टोकाचं न चिकटवता नुसतं बसवायचं, दोन्हीकडे आत फोम. एक बारीक भोक जरूर पाडावं. अॅल्युमिनियमच्या नळीतली कोंडलेली वाफ इथंही असतेच. पाईप सायलेन्सरच्या बाजूला बांधू नये आणि उन्हात उभ्या गाडीत दिवसभर ठेवू नये. शिसं काढून वेगळ्या डबीत घालावं.

कार्बनच्या बाबतीत एक भीती रॉडची नसून माणसाची आहे. कार्बनमधून वीज वाहते, आणि कंपन्या तशी सूचना रॉडवर चिकटवतात. आपल्याकडे शेतीपंपाच्या तारा उसाच्या बांधांवर बऱ्याचदा खाली लोंबतात. जोडलेला बारा फुटी रॉड खांद्यावर उभा धरून अशा बांधावरून पाण्याकडे जाऊ नये. तुकडे नळीतच न्यावेत, काठावर पोचल्यावर जोडावेत, तेही वर तार नाही ना हे बघून.