२१ की २७? फेब्रुवारीतले दोन भाषादिन

‘जागतिक मराठी राजभाषा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा!’ फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास पडतो. पाठवणारे काका ठरलेले, खाली कुसुमाग्रजांचा फोटोही ठरलेला. या एका ओळीत तीन वेगवेगळे दिवस कोंबलेत. ‘जागतिक’ २१ फेब्रुवारीवरून उचललंय, ‘राजभाषा’ १ मेवरून, आणि फोटो तेवढा २७ फेब्रुवारीचा, म्हणजे बरोबर.

राजभाषेचं आधी उरकून टाकू. राज्याचा कारभार मराठीत चालावा म्हणून महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ झाला. त्या राजभाषेचा दिवस महाराष्ट्र दिनालाच, १ मेला, असतो. तेव्हा थंडी कुठली, घामाच्या धारा लागलेल्या असतात. खरा घोळ होतो तो सहा दिवसांच्या अंतराने येणाऱ्या दोन तारखांचा.

२१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, आणि तो आला ढाक्याहून. फाळणीनंतरच्या पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलणारे. तरीही मार्च १९४८मध्ये जिनांनी ढाक्यात येऊन ठणकावलं की राजभाषा उर्दूच राहणार. धग वाढत गेली. २१ फेब्रुवारी १९५२ला विद्यार्थी जमावबंदी मोडून बाहेर पडले आणि मेडिकल कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. रफीक, बरकत, जब्बार, सलाम ही त्या हुतात्म्यांची नावं. दोनच दिवसांत विद्यार्थ्यांनी रातोरात त्यांचं स्मारक उभारलं. २६ तारखेला पोलिसांनी ते पाडून टाकलं. बंगालीला पाकिस्तानच्या राज्यघटनेत उर्दूच्या शेजारी जागा मिळायला १९५६ उजाडावं लागलं.

आजही २० तारखेची मध्यरात्र झाली की ढाक्यात लोक शहीद मिनारकडे निघतात. पाय अनवाणी, हातात फुलं, अंगावर बहुतेकांच्या काळे-पांढरे कपडे. मिनारचा मधला उंच खांब वरच्या टोकाला पुढे झुकलेला आहे, आई लेकरांवर वाकावी तसा, आणि त्याच्या मागे मोठा लाल गोल. या दिवसाला तिथे नुसतं ‘एकुशे’ म्हणतात, म्हणजे एकवीस. पुढे कॅनडात राहणाऱ्या रफीकुल इस्लाम यांनी १९९८मध्ये संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहिलं, बांगलादेश सरकारने विषय लावून धरला आणि १७ नोव्हेंबर १९९९ला युनेस्कोने हा दिवस साऱ्या जगाचा केला.

२७ फेब्रुवारीची जातकुळीच वेगळी. हा वाढदिवस आहे. विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, १९१२ साली या तारखेला पुण्यात जन्मले. आयुष्य रमलं नाशकात, ज्ञानपीठ मिळालं १९८७चं. त्यांच्या जन्मदिवसाला ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणायचं, हे राज्य सरकारने २०१३मध्ये ठरवलं. यामागे ना गोळीबार, ना कायद्याचं कलम. भाषेचा दिवस ठरवताना एखादी लढाई किंवा राज्यारोहण न शोधता कवीचा वाढदिवस निवडला, हे मला फार आवडतं. ग्रंथदिंडी, कवितावाचन, शाळेतल्या निबंधस्पर्धा या दिवशी शोभतात, आणि शुभेच्छाही.

२१ तारखेला मात्र ‘हार्दिक शुभेच्छा’ म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी. हुतात्मा चौकात उभं राहून कुणी एकमेकांना शुभेच्छा देत नाही. खरं तर ढाक्याच्या २१ फेब्रुवारीला मराठी जोड शोधायचीच असेल तर ती २१ नोव्हेंबर १९५५ची, फ्लोरा फाउंटनजवळच्या गोळीबाराची. तीही अर्धीच जुळते. संयुक्त महाराष्ट्राची मागणी मुंबईसह राज्याची होती. ढाक्यात भाषेला देशाच्या कारभारात जागा मिळावी, इतकंच मागणं होतं.

आणखी एक फरक आपल्याला थोडा अडचणीचा आहे. २७ला मराठीचा गौरव करायचा, ते सोपं. २१ तारीख कुठल्याच एका भाषेची नाही. ज्याची जी आईची भाषा, तिची. मेळघाटातल्या पोराची ती कोरकू असते, गडचिरोलीतल्या मुलीची गोंडी किंवा माडिया. गोंडी तर द्रविड कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. कोरकू मुंडा गटातली, तिचं नातं संथाली-मुंडारीशी. अशा मुलांच्या वर्गात २१ तारखेला फळ्यावर ‘माझी मातृभाषा मराठी’ असं लिहून सगळ्यांकडून वाचून घेणं म्हणजे त्या दिवसाचा अर्थच उलटा करणं. त्या दिवशी त्यांच्याच भाषेतली एक गोष्ट वर्गाने ऐकावी. मराठीसाठी पुढचा आठवडा आहेच की.

मागच्या वेळी मी काकांना हे सगळं फोनवर समजावलं. ‘जागतिक’ काढा, ‘राजभाषा’च्या जागी ‘भाषा गौरव’ घाला, फोटो राहू द्या. त्यांनी ग्रुपवर अंगठा टाकला. १ मेला सकाळी सहालाच त्यांचा मेसेज आला, ‘मराठी राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’. अक्षर न् अक्षर बरोबर. खाली फोटो कुसुमाग्रजांचा.